सगळ्यांचे आवाज काढणारा कोतवाल

तीन डोंगरांच्या मधल्या एका खोऱ्यात एकच पाणवठा होता आणि त्याच्या काठावरच्या गवतात एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. मुलांनो, ही गोष्ट त्या हरिणीची आहे. ती काही फार शूर नव्हती. पान हलले तरी दचकायची. पण तिच्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती निस्तरायला ती एकटी उठली, म्हणून तिची गोष्ट सांगायची.

त्या पाणवठ्यावर पूर्वी एका म्हाताऱ्या गव्याचा शब्द चाले. आधी कोणी प्यायचे आणि नंतर कोणी, हे तो नुसती मान हलवून ठरवी. त्याला कोणी निवडले नव्हते. तो सगळ्यांत मोठा होता, एवढेच. सांबरे आणि रानडुकरे आधी पीत, हरणे त्यांच्या मागून, आणि सशांच्या वाट्याला गढूळ पाणी येई. एका थंडीत तो गवा म्हातारपणाने गेला. तेव्हा सगळे प्राणी जमले आणि म्हणाले, "आता कोणी एक मोठा नको. पाळ्या आपण सगळे बसून ठरवू." त्या दिवशी ससे जन्मात पहिल्यांदा नितळ पाणी प्यायले.

गोष्ट चांगली होती, पण नवी होती. पाळ्या ठरवताना वाद होत. कोणी रुसे, कोणी शिंगे उगारी. त्यातच फाल्गुनात पूर्वेच्या डोंगराला वणवा लागला. तिथल्या सायाळी होरपळलेल्या काट्यांनिशी, पिल्ले पुढे घालून खोऱ्यात आल्या. प्राण्यांनी त्यांना पाणवठ्याच्या वरचा उतार राहायला दिला. तिथे त्यांनी बिळे खणली आणि मुळे उकरून त्या पोट भरू लागल्या.

आणि मग पाणी उतरू लागले. डोंगरावरून येणारा ओढा उन्हाळ्यात बारीक होतो, तसे ते थोडे उतरतेच, पण या वर्षीचे उतरणे वेगळे होते. पाण्याच्या मधोमध एक खडक होता. दर चार दिवसांनी तो एकेका खुराएवढा उघडा पडत होता. पावसाला अजून तीन महिने होते. हरिणीचे दूध कमी झाले. पाडस पिता पिता ढुशी देई आणि तोंड वर करून तिच्याकडे बघत राही. तिला त्याच्याकडे बघवत नसे.

पाणवठ्याच्या काठी सावरीचे एक झाड होते. त्यावर एक कोतवाल पक्षी राहत असे. रंग काळाभोर, शेपूट टोकाला दुभंगलेली. हरणे चरू लागली की त्यांच्या पायांतून जे किडे उडत ते टिपायचे, हा त्याचा धंदा. त्याला आणखी एक कला होती. तो कोणाचाही आवाज हुबेहूब काढी. डुकरांची फुरफुर, सांबराची साद, वानरांचा इशारा, सगळे. गव्याच्या काळात त्याच्याकडे करमणूक म्हणूनच पाहत.

एके दिवशी काठावर पाळीवरून भांडण पेटले. रानडुकरांचा म्होरक्या आणि मोठ्या शिंगांचा एक सांबर समोरासमोर उभे राहिले. इतक्यात सावरीवरून वानराचा इशारा घुमला. बिबट्या! क्षणात काठ रिकामा झाला. कोतवाल खाली उतरला आणि तुडवलेल्या गवतातले किडे त्याने पोटभर खाल्ले. थोड्या वेळाने प्राणी धापा टाकत परतले. बिबट्या आलाच नव्हता. पण डुकरांचा म्होरक्या वर बघून म्हणाला, "कोतवालदादा, तू सांगितलंस म्हणून वाचलो."

कोतवालाने मान तिरकी केली. त्याला एक गोष्ट त्या दिवशी कळली. घाबरलेला प्राणी ज्याचा आवाज ऐकतो, त्याच्याकडेच पुन्हा पुन्हा बघतो.

दुसऱ्या दिवसापासून तो बोलू लागला. डुकरांत बसला की डुकरांच्या आवाजात बोले, सांबरांत बसला की सांबरांच्या. एका दुपारी तो हरिणीच्या पाठीवर येऊन बसला आणि अगदी हरिणीच्या आवाजात, हळू, मायेने म्हणाला, "ताई, पाडस वाळलंय गं तुझं."

हरिणीचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत तिला हे कोणी म्हटले नव्हते.

"पाणी का आटतंय, कोणी विचारतं का?" कोतवाल म्हणाला. "मी झाडावर बसतो, मला दिसतं. सायाळी आल्या आणि पाणी उतरायला लागलं. रोज खणतात. खणलेल्या भोकांतून सगळं पाणी जमिनीत मुरतंय. आपली लेकरं तहानलेली, आणि पाहुणे बिळं वाढवतायत."

हरिणीने उताराकडे पाहिले. खरेच, सायाळी आल्या आणि पाणी उतरू लागले होते. इतके दिवस तिच्या मनातल्या भीतीला तोंड नव्हते, नाव नव्हते. आता नाव मिळाले. आणि मुलांनो, नाव मिळाल्यावर तिला बरे वाटले. हेच या गोष्टीतले वाईट आहे.

पुढच्या सभेत कोतवाल काही बोललाच नाही. तो फांदीवर बसून राहिला. बोलली ती हरिणी. "माझ्या पाडसाला दूध नाही," ती थरथरत्या आवाजात म्हणाली. "सायाळींना आपण जागा दिली, त्यांनी आपलं पाणी मुरवलं. त्यांना जायला सांगा."

सगळ्यात म्हातारी सायाळ पुढे आली. तिच्या एका बाजूचे काटे जळून खुंटले होते. ती म्हणाली, "आमची बिळं उतारावर आहेत, बाई. पाणवठा खाली आहे. पाणी वर चढून आमच्या बिळात कसं शिरेल?"

प्रश्न साधा होता. पण उत्तर द्यायला कोणी थांबलेच नाही. आधी डुकरांनी फुरफुर केली, मग सांबरांनी खूर आपटले, आणि सशांनीही, कालपरवापर्यंत गढूळ पाणी पिणाऱ्या सशांनीही, पाय आपटले. दुपारच्या आत सायाळी उतार सोडून डोंगराच्या दिशेने निघाल्या. म्हातारी सर्वांत मागे होती. वळणावर तिने एकदा मागे पाहिले. हरिणीने मान खाली घालून गवत खाल्ल्यासारखे केले.

पाणी उतरतच राहिले.

तेव्हा कोतवाल म्हणाला, "सायाळी गेल्या, पण खणणारे अजून आपल्यातच आहेत." सगळ्यांच्या नजरा सशांकडे वळल्या. सशांना काठापासून दूर हाकलले. मग कोतवाल म्हणाला, "संकटाच्या दिवसांत रोज सभा भरवून काय करायचं? पाणी भरून येईपर्यंत पाळ्या मी सांगतो." प्राणी दमले होते, वादाला कंटाळले होते. त्यांनी माना डोलावल्या. जे जनावर अंगाखांद्यावर कोतवालाला बसू देई, त्याला आधी पाणी मिळू लागले.

हरिणी मात्र रोज त्या खडकाकडे बघत होती. सायाळी जाण्याआधी चार दिवसांत एक खूर खडक उघडा पडे. सायाळी गेल्यावरही चार दिवसांत एकच खूर. ससे गेल्यावरही एकच खूर. तिने तीनदा मोजले. मग एका सकाळी, सगळे काठावर असताना, तिने धीर करून विचारले, "सायाळी गेल्या, तरी पाणी तेवढंच का उतरतंय?"

कोतवालाने उत्तर दिले नाही. त्याने हरिणीचाच आवाज काढला, तसाच थरथरता, पण आणखी किरटा, आणखी रडका. "तेवढंच का उतरतंऽय? तेवढंच का उतरतंऽय?" डुकरे हसली. सांबरे हसली. हरिणीची सख्खी बहीणही हसली आणि मग तिने तोंड फिरवले. कोतवाल आता आपल्या आवाजात म्हणाला, "हिला सायाळींचा पुळका आलाय. आजपासून हिची पाळी शेवटी."

त्या दिवशी हरिणीच्या वाट्याला खूरभर चिखल आला. तिने पाडसाला आधी पिऊ दिले. चिखल चाटत असलेल्या पाडसाकडे बघताना तिला आठवले, की सायाळींचीही पिल्ले होती. तिच्याच तोंडच्या शब्दांमुळे ती पिल्ले उन्हात चालत गेली होती.

दुपारी ती बहिणीकडे गेली. "माझ्या पाडसाला सांभाळ," ती म्हणाली.

"कुठं निघालीस?"

"ओढ्याच्या काठानं वर. पाणी येतं कुठून ते बघायला."

"एकटी? बिबट्या आहे वर."

"आहे. पण इथं बसून पाणी का आटतंय ते मला कळणार नाही. मला कोणी सांगितलेलं ऐकून झालंय."

बहिणीने पाडसाला जवळ घेतले. हरिणी दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली.

कोरड्या ओढ्यातून हरिणी दोन दिवस चालली. प्रत्येक खडकाआड तिला बिबट्या दिसे. तरी ती थांबत नसे. तिसऱ्या सकाळी ती एका अरुंद घळीपाशी पोहोचली आणि उभीच राहिली. वणव्यात जळलेली मोठमोठी झाडे डोंगरावरून घळीत कोसळली होती. त्यांच्या मागे दगड, राख, माती असा थर साचून बांध झाला होता. बांधामागे पाणी तुंबले होते आणि पलीकडच्या उतारावरून भलतीकडेच वाहून जात होते.

त्या पाण्याच्या काठी सायाळी राहत होत्या.

म्हातारी सायाळ बिळाबाहेर आली. हरिणीने मान खाली घातली. "सायाळकाकू, तुम्हाला घालवा म्हणून सभेत मीच बोलले होते."

"माहीत आहे. मी समोरच उभी होते."

"माझं चुकलं. तुमच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं माझ्याकडे, म्हणून मी ऐकलंच नाही."

म्हातारी म्हणाली, "झालं बोलून? आता काय पाहिजे?"

"हा बांध फोडायचाय. खाली सगळे तहानेनं मरतील."

"आणि आम्ही का फोडायचा? आम्हाला इथं पाणी आहे. तुम्ही हाकललंत म्हणून मिळालं."

"नाही फोडलात तरी तुमचा दोष नाही," हरिणी म्हणाली. आणि बांधापाशी जाऊन आपल्या खुरांनी माती उकरू लागली.

हरणाचे खूर पळण्यासाठी असतात, खणण्यासाठी नसतात. तासाभरात तिचे पुढचे पाय सोलवटले. दुपारपर्यंत एक ससा मावेल एवढाही खड्डा झाला नाही. सायाळींची पिल्ले लांबून बघत होती. ऊन कलले तरी हरिणी उकरत होती. अंधार पडला तशी जागच्या जागी बसली, आणि उजाडताच पुन्हा उकरू लागली. थोड्या वेळाने तिच्या शेजारी खसखस असा आवाज झाला. म्हातारी सायाळ तिच्या शेजारी उभी राहून, तिच्याकडे न बघता, माती उपसत होती.

"अशानं वर्ष लागेल तुला," म्हातारी म्हणाली. "माती आम्ही काढू. पण ही लाकडं आमच्यानं हलायची नाहीत. डुकरांची ताकद पाहिजे, सांबरांची शिंगं पाहिजेत."

"मी घेऊन येते त्यांना."

"येतील?"

"सांगता येत नाही," हरिणी म्हणाली. "पण मी परत येईन. कोणी नाही आलं तरी येईन."

खोऱ्यात परतल्यावर तिने सभा बोलावली नाही. सभेत कोतवाल पुन्हा तिचा आवाज काढणार, हे तिला ठाऊक होते. ती एकेकाकडे गेली. आधी डुकरांच्या म्होरक्याकडे. तिने घळीतला बांध सांगितला आणि मग विचारले, "कोतवालानं तुम्हाला काय कबूल केलंय?"

म्होरक्याने इकडेतिकडे पाहिले. "पाणी भरलं की पहिली पाळी डुकरांची. कायमची. पण कोणाला सांगू नकोस."

मग ती मोठ्या शिंगांच्या सांबराकडे गेली. सांबरही हळूच म्हणाला, "पहिली पाळी आमची. तसं ठरलंय."

हरिणी त्याला म्हणाली, "माझ्याबरोबर चला." आणि तिने त्याला डुकरांच्या म्होरक्यासमोर नेऊन उभे केले. "आता एकमेकांना विचारा. मला काही बोलायचं नाही."

गवा गेल्यापासून ते दोघे भांडण्याखेरीज एकमेकांशी बोललेच नव्हते. विचारता विचारता दोघांचेही चेहरे उतरले. पहिली पाळी डुकरांना कबूल झाली होती, सांबरांना कबूल झाली होती, आणि पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की हरणांनाही तीच कबूल झाली होती. सगळ्यांना सांगितले होते, की कोणाला सांगू नका.

"आपल्याला मूर्ख बनवलं," सांबर म्हणाला.

"मीही बनले," हरिणी म्हणाली. "आता चला. पाणी वर आहे."

सगळे आले नाहीत. काहींना अजून पहिल्या पाळीची आशा होती, काहींना लाज वाटत होती. पण डुकरांची निम्मी टोळी निघाली, तीन सांबर निघाले. हाकललेले ससे झुडपांतून बाहेर आले आणि न विचारता मागे लागले. आणि हरिणीची बहीण आपले आणि हरिणीचे अशी दोन्ही पाडसे बरोबर घेऊन आली.

घळीत काम सुरू झाले. सायाळी माती काढत, ससे ती मागे सारत, डुकरे खांदे लावत आणि सांबर शिंगे अडकवून ओंडके ओढत. सुरुवातीला कोणी सायाळींच्या नजरेला नजर देईना. पण ओंडका जड असला की एकमेकांकडे बघावेच लागते. दोन ओंडके निघाले. तिसरा हलू लागला. त्याच्या बुडातून पाण्याची बारीक धार फुटली.

आणि तेवढ्यात वरच्या कड्यावरून वानराचा इशारा घुमला. लगेच बिबट्याची गुरगुर आली, अगदी जवळून. डुकरे उधळली, सांबरांनी ओंडका सोडला, ससे गायब झाले. ओंडका पुन्हा आपल्या जागी बसला आणि धार बंद झाली.

हरिणीचे चारही पाय पळायला निघाले होते. तो कोतवाल असेल किंवा खरा बिबट्या असेल. तिला कळत नव्हते, आणि कळायला काही मार्गही नव्हता. तिला एवढेच कळत होते, की आता आपण पळालो तर हे सगळे पुन्हा इथे येणार नाहीत. तिने आपला खांदा ओंडक्याला लावला आणि डोळे मिटले. शेजारी म्हातारी सायाळ काटे फुलवून, पाय रोवून उभी राहिली. "मीही कंटाळले पळून," ती म्हणाली.

गुरगुर पुन्हा झाली. हरिणी हलली नाही. तिसऱ्यांदा झाली. हरिणी हलली नाही. बिबट्या आला नाही. कड्यावरून एक काळा पक्षी उडाला आणि दुसऱ्या फांदीवर बसला. या वेळी तो सगळ्यांना दिसला.

झुडपांतून डुकरांचा म्होरक्या बाहेर आला. त्याने हरिणीच्या शेजारी आपला खांदा लावला. मग सांबर आला. मग एकेक करून सगळे आले. कोतवाल ओरडतच होता, वानराच्या, बिबट्याच्या, डुकरांच्या, हरिणीच्या आवाजात. खाली सांबर म्हणाला, "लावा जोर!" आणि त्या आवाजाखेरीज कोणी काही ऐकले नाही. ओंडका कडाडला. पाणी उसळले आणि वाटेतली राख, माती, काटक्या घेऊन ओढ्याच्या जुन्या वाटेने खोऱ्याकडे धावत सुटले.

पाणवठा भरला. सभा पुन्हा भरू लागली. पाळ्या फिरत्या ठेवल्या गेल्या, आज ज्याची पहिली त्याची उद्या शेवटची. वाद अजूनही होत, आणि सभा लांबली की कोणीतरी जांभई देई. पण पाळ्या एकाने सांगायच्या, असे पुन्हा कोणी म्हणाले नाही.

"कोतवालाला हाकलून द्या," डुकरांचा म्होरक्या म्हणाला. पुष्कळांनी पाय आपटले.

हरिणी म्हणाली, "नको. हाकलायची सवय वाईट. तो ओरडेल. आपण जाऊन बघायचं आणि मग ठरवायचं." कोतवाल सावरीवरच राहिला. तो किडे टिपतो आणि अजून बोलतो. पाणी जरा खाली गेले, की एखाद्या प्राण्याचा कान त्याच्याकडे वळतोच.

हरिणी सायाळींना बोलवायला पुन्हा घळीत गेली. "उतार तुमचाच आहे," ती म्हणाली. "परत या."

म्हाताऱ्या सायाळीने मान हलवली. "नाही. पाणी अडलं तर आम्ही मोकळं करू, पण राहू इथंच. तिथून निघताना माझ्या धाकट्याने विचारलं होतं, आपण काय केलं? त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी हरिणी दोन दिवसांची वाट चालून घळीत जाऊ लागली. ओढ्यात साचलेला गाळ ती आपल्या खणायला निकामी खुरांनी उकरे. हळूहळू तिच्याबरोबर इतरही जाऊ लागले. पहिल्या तीन खेपांना सायाळी बिळांतून बाहेर आल्या नाहीत. चौथ्या खेपेला म्हातारी बाहेर आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तिथं नको उकरू, खाली खडक आहे. इकडे ये, माती मऊ आहे." आणि तिने जरा सरकून हरिणीला जागा करून दिली.

तात्पर्य : दिवस बदलले की सगळ्यांनाच भीती वाटते, आणि अशा वेळी आपला राग आपल्याच आवाजात ऐकवणारा कोणीतरी भेटतोच. त्याने दाखवलेल्या शत्रूवर धावून जाण्याआधी स्वतः चालत जाऊन खरे काय ते बघावे आणि शेजाऱ्याशी बोलावे. चुकलो असू, तर चूक सुधारण्याचे काम आपणच आधी हाती घ्यावे.